म्हैस अडली आणि डॉक्टर साठ किलोमीटरवर: शहापूर तालुक्यातलं एक प्रकरण

शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर मागच्या पावसाळ्यात एक म्हैस विताना अडली. डॉक्टरचा हात लागेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार उलटून गेली, म्हैस वाचली, पारडू गेलं. गावाकडच्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही, असं होतंच म्हणतील. पण मला हे प्रकरण नीट लिहून काढायचंय, कारण या घरापर्यंत सरकारचा पैसा पोचलाच नाही असं अजिबात नाही. चार वेगवेगळ्या वाटांनी पोचलाय, मी स्वतः गोठ्यात उभं राहून बघितलंय, आणि तरी त्या रात्री जी एक गोष्ट हवी होती तीच नव्हती. पाड्याचं, दवाखान्याचं, कुणाचंच नाव देत नाहीये, कारण एखाद्या माणसाला धरून बोल लावण्यासारखं यात काही नाही. जो तो आपापल्या परीने वागला आणि बहुतेकजण चांगलेच वागले.

घर माझ्या मामाचं. मी ठाण्यात, कळव्याला राहतो. मामाकडे चार म्हशी, डांगी बैलांची एक जोडी आणि मामीच्या शेळ्या. मोठा मामेभाऊ भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला जातो आणि धाकटा सकाळी दुधाचे कॅन घेऊन आसनगावला जातो, तिथे दोन हॉटेलं आणि काही घरं बांधलेली आहेत. भाताचं उत्पन्न घरात खायला पुरतं, हातात रोकड येते ती दुधाचीच. हे आधी सांगतोय कारण म्हैस म्हणजे या घराचा महिन्याचा पगार आहे हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचायला हवं.

त्या रात्री काय झालं

तिसऱ्या वेताची म्हैस, दिवस भरलेले. संध्याकाळपासून ऊठबस करत होती, पोटावर लाथा मारत होती, चारा सोडला. पण पाणमोट काही दिसेना आणि कळा येऊन पुढे काही सरकेना. मामीने दहाच्या सुमाराला सांगितलं की ही नेहमीची कळ नाही. शेजारचे दोघे तिघे जमले, कुणी म्हणालं गरम पाणी पाजा, कुणी म्हणालं हात घालून ओढूया, कुणी म्हणालं कळेचं इंजेक्शन देऊन टाका म्हणजे सुटेल.

बाजूच्या गावात एक पोरगा कृत्रिम रेतनाचं काम करतो, मैत्री योजनेत ट्रेनिंग झालेलं आहे त्याचं. तो पावसात बाईकवर आला, साबणाने कोपरापर्यंत हात धुवून आत घातला आणि दोन मिनिटांत बाहेर काढून म्हणाला, मामा, पिशवीला पीळ बसलाय, हे माझ्या हातचं काम नाही, डॉक्टरच पाहिजे. त्या पोराचं मला फार कौतुक वाटतं. चार माणसं डोक्यावर उभी असताना, काहीतरी कर म्हणून मागे लागलेली असताना, मला येत नाही असं सरळ सांगायला धमक लागते.

पीळ म्हणजे गर्भाशय आपल्याच अक्षाभोवती फिरतं आणि बाहेर यायची वाट पिळली जाते. गाईंपेक्षा म्हशींमध्ये हे जास्त दिसतं, आणि बहुतेक वेळा शेवटच्या दिवसांत किंवा विताना. वाटच पिळलेली असल्यावर कळेचं इंजेक्शन देणं म्हणजे पिशवी फाटायला निमंत्रण, आणि ओढून तर काहीच होत नाही. उपाय आहे, आणि तो लवकर केला तर बऱ्यापैकी लागू पडतो: म्हशीला आडवी पाडायची, पाय बांधायचे, पोटावर लांब फळी ठेवून त्यावर एक माणूस उभा राहतो आणि बाकीचे तिला ज्या बाजूचा पीळ त्याच बाजूला लोळवतात, म्हणजे आतलं वासरू फळीखाली दाबून जागच्या जागी राहतं आणि म्हैस त्याच्याभोवती फिरते. ऐकायला सोपं, पण पीळ कुठल्या बाजूचा आणि किती हे हाताने ओळखता यायला हवं. उलट्या बाजूला लोळवली तर पीळ वाढतो. आणि उशीर झाला की वासरू मरतं, पिशवी सुजते, चिकटते, मग पोट फाडण्याशिवाय इलाज उरत नाही. म्हणजे सगळा खेळ तासांचा.

फोनाफोनी सुरू झाली. जवळचा दवाखाना श्रेणी २ चा, म्हणजे तिथे पदवीधर डॉक्टर नसतो, पशुधन पर्यवेक्षक असतो. त्यांनी फोन उचलला, ऐकून घेतलं, पण त्यांनाही हे कायद्याने आणि शिक्षणाने करता येण्यासारखं नव्हतं. श्रेणी १ च्या दवाखान्याचे डॉक्टर होते त्यांच्याकडे आणखी एका ठिकाणचा चार्ज, आणि ते तालुक्याबाहेर होते. हेल्पलाइनवर नोंद झाली, फिरतं पथक सकाळी निघेल असं कळलं, सकाळी कळलं की आधी दुसऱ्या टोकाच्या नोंदी आहेत. मला यात कुणी खोटं बोललं असं वाटत नाही. माणसंच मोजकी असली की रांग लागते.

मध्यरात्री एक डॉक्टर मिळाला खरा, पण मोबाईलच्या स्क्रीनवर. मामेभावाचा वर्गमित्र, मूळचा मुरबाड तालुक्यातला, परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेला, आता घोडबंदर रोडवर पेट क्लिनिक चालवतो. त्याने व्हिडिओ कॉलवर बघून त्या पोराचं निदान बरोबर असल्याचं सांगितलं, कळेचं इंजेक्शन अजिबात देऊ नका म्हणून तीनदा बजावलं, आणि मग गप्प झाला, कारण स्क्रीनवरून पीळ सोडवता येत नाही. बरीच वर्षं त्याने कुत्र्या-मांजरांखेरीज काही हाताळलेलं नाही. म्हशीसाठी लागणारं सामान त्याच्याकडे नाही. सकाळी त्याचं स्वतःचं एक ऑपरेशन लागलेलं.

शेवटी मुरबाडकडून एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी आले, सरळगाव-किन्हवली करत, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. सत्तरीला टेकलेला माणूस चिखलात गुडघ्यावर बसला. तीनदा लोळवल्यावर पीळ सुटला. पारडू मेलेलंच निघालं, वगार होती, म्हणजे घरात वाढून पुढे म्हैस झाली असती. जार (वार) पडायला त्रास झाला, पिशवीत पू झाला, महिनाभर औषधं चालू राहिली आणि दूध पहिल्या वेताच्या निम्म्यावर आलं. लाखाच्या वर पैसे देऊन घेतलेलं जनावर आहे ते. डॉक्टरांनी फी सांगितली ती मामाने लगेच दिली, आणि हे मुद्दाम लिहितोय, कारण शेतकऱ्याला सगळं फुकट हवं असतं म्हणून डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत असं शहरात बरेचजण बोलतात. मामाने त्या रात्री दुप्पट फी पण दिली असती. द्यायला समोर कुणी नव्हतं.

गोठ्यात पोचलेला पैसा

आता सरकारी पैशाकडे येतो. मामाच्या प्रत्येक म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला आहे, १२ आकडी नंबरचा. लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर होते. हा २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा पैसा, लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी पाच वर्षांना १३,३४३ कोटी, सगळा केंद्राचा. आणि त्याचा फायदा झालाय हे मामाच सांगतो, पूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला आख्ख्या पाड्याची ढोरं लंगडायची.

दुसरा पैसा फिरत्या पथकाचा, १९६२ नंबरवाल्या गाड्या. केंद्राच्या पशु आरोग्य आणि रोग नियंत्रण योजनेतून गाडी घ्यायला आणि सजवायला दर गाडीमागे १६ लाख, ते पूर्ण केंद्राचे. गाडी चालवायचा वर्षाचा खर्च मात्र आपल्यासारख्या राज्यांत केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. गाडीत एक पशुवैद्यक, एक सहायक आणि एक ड्रायव्हर. देशभरात अशा चार हजारांच्या आसपास गाड्या आहेत. तिसरा पैसा दवाखान्याच्या इमारतीचा. चौथा त्या मैत्रीवाल्या पोराचा, त्याचं ट्रेनिंग आणि वीर्य साठवायची नायट्रोजनची टाकी.

म्हणजे बिल्ला आहे, लस आहे, गाडी आहे, इमारत आहे, रेतनाची सोय आहे. मग कमी काय पडलं ते एका हिशोबात दिसतं. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाने सांगितलेलं प्रमाण ५,००० जनावरांमागे एक पशुवैद्यक असं आहे, आजही सगळे तेच धरून बोलतात. फिरत्या गाडीचं प्रमाण आहे एक लाख जनावरांमागे एक. तेवढ्याच जनावरांना जुन्या हिशोबाने २० डॉक्टर लागतात. शेळ्या-मेंढ्या हिशोबात कमी धरतात म्हणून आकडा थोडा खाली आणा हवं तर, तरी एक आणि डझनभर यातला फरक उरतोच. गाडी ही दवाखान्यातल्या डॉक्टरच्या जोडीला म्हणून आखलेली आहे, त्याच्या बदली म्हणून नाही. पण जागा रिकामी राहिली की गाडीच बदली होऊन बसते आणि मग लोक गाडीला शिव्या देतात, गाडीतल्या डॉक्टरला देतात, तो बिचारा दिवसभर तालुक्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा वस्तूवर पडतो आणि माणसावर पडत नाही. गाडी एकदा घेतली की घेतली, फोटो निघतो, खर्च संपतो. डॉक्टर एका जागी टिकवायचा खर्च दर महिन्याला येतो, वर्षानुवर्षं येतो, आणि तो कुणालाच आपल्या डोक्यावर नको असतो. म्हणून मग कंत्राट, अतिरिक्त चार्ज, प्रभारी असे शब्द येतात. तेवढ्यात म्हैस अडते.

घोडबंदरचा डॉक्टर

प्रकरण झाल्यावर मी त्या पेट क्लिनिकवाल्या डॉक्टरला मुद्दाम जाऊन भेटलो, कारण मला तोच या सगळ्याचा गाभा वाटतो. ठाणे जिल्ह्यात पशुवैद्यक नाहीत असं नाहीच. घोडबंदर रोडला जा, हिरानंदानीत जा, खाडीपलीकडे वाशीला जा, क्लिनिकवर क्लिनिक आहेत, रात्रीची सेवा आहे, सोनोग्राफी आहे. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथून भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं त्या तालुक्यात, रात्री एक हात मिळत नाही. डॉक्टर आहेत, पण हवे त्या जागी नाहीत.

तो मोकळेपणाने बोलला. म्हणाला, दादा, मी मुरबाडचा आहे, मला म्हशीची भीती नाही. शिकून बाहेर पडल्यावर तालुक्यातच काम करायचं डोक्यात होतं. साडेपाच वर्षांचा कोर्स, त्यात इंटर्नशिप, वय पंचविशीकडे गेलं. एमपीएससीची जाहिरात कधी निघेल त्याचा भरवसा नाही, तोवर कंत्राटावर काम मिळत होतं ते अकरा महिन्यांचं, त्यातून पुढे काय ते माहीत नाही. राहायला दिलेलं क्वार्टर पावसात गळणारं. बायको ठाण्याला नोकरीला. रात्री फोन आला की एकट्याने बाईकवर पाड्यावर जायचं, तिथे जनावर अडकवायला खोडा नाही, लाईट नाही, धरायला माणूस मिळेलच असं नाही, आणि त्या रात्रीच्या कामाचा वेगळा एक रुपया नाही. त्याला एकदा बैलाची लाथ बसून हात फ्रॅक्चर झाला होता, कंत्राटी असल्यामुळे तो महिना बिनपगारी गेला. इकडे क्लिनिकमध्ये लसीकरण आणि त्वचारोगांवरच भाडं निघतं.

यातलं एकही कारण मला लबाडीचं वाटलं नाही. सेवाभाव नाही, पोरं शहराकडे पळतात, असं म्हणून हा विषय संपवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. त्यांनी एकदा त्या क्वार्टरमध्ये आषाढ काढून दाखवावा.

अमेरिकेत हाच प्रश्न आहे हे मला हे सगळं वाचताना कळलं आणि जरा धक्काच बसला. तिकडेही गुरांचे डॉक्टर खेड्यात मिळत नाहीत, सगळे कुत्र्या-मांजरांकडे. त्यांनी २००३ मध्ये कायदा केला आणि २०१० पासून त्याखाली पैसे द्यायला लागले. दरवर्षी प्रत्येक राज्याचे पशु आरोग्य अधिकारी सांगतात की आमच्याकडे अमुक भागात डॉक्टर कमी आहे, ती यादी केंद्रातला कृषी विभाग मंजूर करून उघड जाहीर करतो, आणि त्या यादीतल्या जागी जो डॉक्टर तीन वर्षं काम करायचं लिहून देतो त्याचं शिक्षणाचं कर्ज सरकार फेडतं. बरीच वर्षं वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत, म्हणजे तीन वर्षांचे ७५,०००, वर त्यावरचा टॅक्सही सरकारच भरतं. गुरांच्या खासगी प्रॅक्टिसच्या जागेला तर अट अशी की ८० टक्के वेळ त्याच कामाला द्यायचा. शिवाय खेड्यातल्या दवाखान्याला सामानासाठी वेगळी ग्रांट आहे. सगळा तुटवडा त्याने संपलेला नाही, मागणी जास्त आणि निधी कमी ही रड तिकडेही आहे.

ते जसंच्या तसं इकडे उचलून चालणार नाही, कारण आपल्याकडे सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजची फी तिकडच्या मानाने फारच कमी, डोक्यावर तसलं कर्ज नसतं. आमच्या घोडबंदरवाल्याला कर्जमाफी देऊन तो परत जाणार नाही. पण त्या योजनेतल्या दोन गोष्टी मला घेण्यासारख्या वाटतात. एक, पैसा माणसाला बांधलाय, ठराविक जागेला आणि ठराविक वर्षांना, आणि काम केलं तरच मिळतो. दोन, कुठे डॉक्टर नाही ते सरकार स्वतःहून उघड मांडतं. आपल्याकडे शहापूर-मुरबाडमध्ये कुठल्या दवाखान्यात आज पदवीधर डॉक्टर बसतो आणि कुठला दुसऱ्याच्या चार्जवर चालतो, हे शेतकऱ्याला कळतं ते म्हैस अडल्यावर. आमच्याकडे त्याचं रूप असं हवं: तीन ते पाच वर्षांची नेमणूक, राहायला धड घर किंवा घरभाडं, रात्रीच्या प्रत्येक फोनला वेगळे पैसे, अपघात विमा आणि म्हशीच्या कामाचं सामान. १६ लाखाच्या गाडीपुढे हा खर्च मोठा नाही, पण तो दरवर्षी येतो, आणि तो दरवर्षी येऊ द्यायची तयारी हीच खरी अडचण आहे.

पैसा कामाला बांधला की माणसं येतात हे आपण २०२२ मध्ये लम्पीच्या वेळी बघितलंय. खासगी डॉक्टर, इंटर्नशिपची पोरं, पर्यवेक्षक, सगळे उतरले आणि काही महिन्यांत राज्यातल्या बहुतेक गोवंशाला लस टोचून झाली. मेलेल्या जनावरांची भरपाईही राज्याने दिली, दुभत्या गाईला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. साथ ओसरली आणि ती पोरं परत गेली. कुणी त्यांना थांबा म्हटलं नाही.

यावर एक मुद्दा नेहमी येतो की डिप्लोमावाल्यांना, म्हणजे पदवीधर डॉक्टर नसलेल्या पर्यवेक्षकांसारख्यांना, जास्त अधिकार द्या, गावागावात आहेत, तेच बघतील. मी याच्या पूर्ण विरोधात नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यातच किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली त्यांना करता येतील अशी वाट आहे, आणि लस, मलमपट्टी, खच्चीकरण यात त्यांच्यावाचून एक दिवस चालणार नाही. पण देखरेखीखाली म्हटल्यावर देखरेख करायला कुणीतरी जवळ पाहिजे ना. मामाच्या गोठ्यात त्या पोराने बरोबर ओळखलं, बरोबर थांबला, आणि पुढची पायरी रिकामी होती. पोट फाडायची वेळ आली असती तर काय हा विचार मी अजून करतो.

सध्या कुठवर आलंय

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे ग्रामपंचायतींना आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याचा ५ टक्के अबंध निधी मिळतो आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. मामाने आणि दूध घालणाऱ्या आणखी काही घरांनी ग्रामसभेत विषय घेतला. बायकांनी जास्त जोर लावला, शेळ्या त्यांच्या नावावर असतात. शाळेच्या मागे लोखंडी खोडा, वर पत्रा, एक लाईट आणि पाण्याचा नळ, एवढं मंजूर करून घेतलंय. जुन्या पंचायतीच्या दोन खोल्या दुरुस्त करून डॉक्टरला राहायला द्यायची तयारी असल्याचं पत्र तालुक्याला आणि जिल्हा परिषदेला गेलंय, सोबत या प्रकरणाची तारीखवार हकीकत आणि परिसरातल्या जनावरांची संख्या जोडली आहे. खोल्या गाव देऊ शकतं. पगार आणि रात्रीच्या फोनचे पैसे गावाच्या हातात नाहीत, ते पत्रात स्पष्ट लिहिलंय.

घोडबंदरच्या डॉक्टरने निवृत्त साहेबांकडे जाऊन पीळ सोडवायचा हात परत बसवायला सुरुवात केली आहे, रविवारी जातो. खोडा झाला की महिन्यातून दोन रविवार पाड्यावर यायचं त्याने कबूल केलंय, गाभण जनावरं तपासायला. मामाची दुसरी म्हैस कार्तिकात विणार आहे. तिच्यासाठी साहेबांना आधीच सांगून ठेवलंय, लांब फळी आणि दोर गोठ्यात आणून ठेवलेत, आणि रात्री साहेबांना आणायला टेम्पोवाल्याशी बोलणं झालंय.